आजी बोलत नाहीत, पण दुखतंय : आमच्या चार वृद्धाश्रमांचा दुसरा शनिवार

सायंफेरी

नमस्कार. मी नर्स आहे. ३१ वर्षं रुग्णालयांत काढली आणि निवृत्तीनंतर गेली ६ वर्षं सिंहगड रस्त्याच्या आतल्या बाजूला एका वृद्धाश्रमात नर्सिंगचं काम बघते. आमच्याकडे ३८ आजी-आजोबा आहेत. निम्मे अंथरुणाला खिळलेले, दहा-बारा जणांना स्मृतिभ्रंश.

पुण्यात नर्सिंग होम म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर बाळंतपणाचा छोटा खासगी दवाखाना येतो, म्हणून आधीच सांगते. हा धागा जिथे म्हातारी माणसं राहायला असतात त्या जागांबद्दल आहे. वृद्धाश्रम म्हणा, केअर सेंटर म्हणा. आणि विषय एकच, दुखणं. आजार नव्हे, दुखणं.

आमच्याकडे एक आजी होत्या, वय ८४. आयुष्यभर प्राथमिक शाळेत शिकवलेलं. स्मृतिभ्रंश बराच पुढे गेलेला, बोलणं जवळजवळ थांबलेलं. आंघोळीला न्यायला गेलं की मारायच्या. एकदा चावल्याही. त्यांच्या फाइलमध्ये ‘आक्रमक’ असा शब्द आहे आणि तो माझ्या अक्षरात आहे. झोपेची गोळी सुरू झाली, मग वाढली. आजी दिवसभर पेंगायला लागल्या, पण आंघोळीच्या वेळी मारायच्याच.

आठ महिन्यांनी एका दुपारी मी चादरी मोजत होते आणि शेजारी घड्या घालणारी मावशी सहज बोलून गेली, “सिस्टर, आज्जी उजव्या हातानंच मारत्यात बघा. डावा कदीच उचलत न्हाईत. पोलक्याची डावी बाही आली की तोंड असं करत्यात.” आणि तिने ते तोंड करून दाखवलं. कपाळ आवळलेलं, डोळे मिटलेले, खालचा ओठ आत. ते मी विसरणार नाही.

एक्स-रे काढला. डाव्या दंडाचं हाड कधीतरी मोडून वाकडं जुळलेलं होतं, खांदा आखडून गेला होता. डॉक्टरांनी आंघोळीच्या पाऊण तास आधी पॅरासिटामॉल द्यायला सांगितली. पोलकं बंद केलं, पुढून उघडणारा गाऊन आणला. घालताना दुखरा हात आधी बाहीत आणि काढताना तो सगळ्यात शेवटी. पंधरा दिवसांत मारणं थांबलं. झोपेची गोळी डॉक्टरांनी हळूहळू कमी केली आणि नंतर बंद केली.

मावशीला हे आठ महिने दिसत होतं. तिला कोणी विचारलं नव्हतं.

ही गोष्ट मी कर्वेनगरच्या एका केअर सेंटरमधल्या माझ्या जुन्या सहकारी सिस्टरना सांगितली. त्यांच्याकडे अशाच दोन गोष्टी निघाल्या. तिथून आमचा दुसरा शनिवार सुरू झाला. सिंहगड रस्त्यावरच्या दोन जागा, कर्वेनगरची एक आणि तळेगावकडची एक, अशा चार वृद्धाश्रमांतली माणसं महिन्यातून एकदा दुपारी, पाळी बदलल्यावर, अडीच ते साडेचार एकत्र बसतात. पहिल्या दोन बैठका फुकट गेल्या, कारण आम्ही व्याख्यान ठेवलं. चांगले डॉक्टर होते, पडद्यावर सगळं नीट दाखवलं, पण मावशा मागे भिंतीला टेकून उभ्या राहिल्या, रात्रपाळी करून आलेल्यांचे डोळे मिटत होते आणि सोमवारी चारही ठिकाणी सगळं मागच्यासारखंच चालू.

तिसऱ्या बैठकीपासून खुर्च्या गोल मांडल्या. प्रत्येक वृद्धाश्रमाने एक अशी व्यक्ती सांगायची, जिचं दुखणं आपल्याला कळलं नाही किंवा उशिरा कळलं. नाव घ्यायचं नाही. आणि बोलण्याचा क्रम ठरलेला. आधी मावशी किंवा मामा, मग सिस्टर, मग फिजिओ, डॉक्टर सगळ्यात शेवटी. डॉक्टर आधी बोलले की बाकीच्यांची तोंडं मिटतात, त्यांची इच्छा नसली तरी.

एक पूर्ण बैठक आम्ही फक्त शब्दांवर घेतली. भिंतीवर मोठा कागद लावला आणि आपल्या आजी-आजोबांच्या तोंडून ऐकलेला दुखण्याचा एकेक शब्द लिहीत गेलो. ठणका, ठसठस, कळ, चमक, सल, रग, पेटका, गोळा, आग, मुंग्या, ओढ, ‘अवघडलंय’, ‘भरून आलंय’, ‘अंग मोडून आलंय’. लातूर, नांदेडकडच्या मावशांनी असे काही सांगितले की मी पहिल्यांदाच ऐकले. त्या कागदाचा उपयोग दुसऱ्याच दिवशी झाला. आमचे एक आजोबा रोज ‘दुखतंय का?’ या प्रश्नाला ‘छे, काही नाही’ म्हणायचे. मावशीने विचारलं, “आजोबा, पायाची आग व्हती का?” ते म्हणाले, “रात्रभर.” मधुमेह २० वर्षांचा. त्यांच्या लेखी आग होणं म्हणजे दुखणं नव्हतंच.

इथे वृद्धाश्रमांत काम करणारे, चालवणारे, आईवडील तिथे असलेले बरेच जण असतील. तुमच्याकडे काय होतं ते लिहा. चुकलेलंही लिहा.

———

पानशेतवाट

सिस्टर, वाचून हात थरथरायला लागले. माझे वडील शेवटची दोन वर्षं एका केअर सेंटरमध्ये होते. जागेचं नाव लिहीत नाही. त्यांनी जेवण सोडलं. आम्हाला सांगितलं, वयोमानाप्रमाणे होतंच, भूक मंदावते. पाचव्या दिवशी भाऊ भेटायला गेला, त्याने पाय सरळ करायला घेतला तर बाबा ओरडले. खुब्याचं हाड मोडलं होतं. पाच दिवस ते त्याच पायाने कुशीवर वळवले जात होते. बाबांना पक्षाघातानंतर बोलता येत नव्हतं. त्यांनी जेवण सोडून सांगितलं होतं आणि आम्ही त्याला भूक मंदावणं म्हटलं.

———

सायंफेरी

पानशेतवाट, तुमच्या वडिलांचं वाचून वाईट वाटलं. जेवण सोडणं ही आमच्या यादीतली अगदी वरची खूण आहे. रोज जेवणारं माणूस जेवेनासं झालं की आम्ही आता आधी अंगभर हात फिरवून बघतो, मग टॉनिकचा विचार करतो. हे आम्ही कोणाच्या तरी पाच दिवसांवरूनच शिकलो आहोत.

———

दवाखान्यातून

मी डॉक्टर आहे, दोन वृद्धाश्रमांत आठवड्यातून एकदा जातो. सिस्टरांनी लिहिलंय ते शब्दन् शब्द खरं आहे. मावशीने ‘आग’ हा शब्द काढून दिला म्हणजे अर्धं निदान करून दिलं. आग, मुंग्या, चमक, सुया टोचल्यासारखं वाटणं, ही बहुतेकदा नसांची, म्हणजे मज्जातंतूंची, वेदना असते आणि त्यावर साधी वेदनाशामकं फारशी चालत नाहीत, वेगळी औषधं लागतात. ठणका, ठसठस म्हटलं की सूज, पू, सांधे बघावे. कळ येऊन जाते म्हटलं की पोट, मुतखडा, लघवी तुंबणं.

‘सांगत नाहीत म्हणजे दुखत नसेल’ हा समज डॉक्टरांमध्येही आहे. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० मध्ये वेदनेची व्याख्या नव्याने केली, तेव्हा तिच्यासोबत स्पष्ट लिहिलं की शब्दांत सांगणं ही वेदना व्यक्त करण्याच्या अनेक रीतींपैकी फक्त एक आहे. सांगता येत नाही म्हणून वेदना नाही असं होत नाही.

आणि ‘आक्रमक’ या शब्दाबद्दल. नॉर्वेच्या पश्चिम भागातल्या १८ नर्सिंग होममध्ये स्मृतिभ्रंश असलेल्या, अस्वस्थ होणाऱ्या, ओरडणाऱ्या ३५२ जणांवर एक अभ्यास झाला, २०११ मध्ये तो ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. काही ठिकाणी नेहमीचे उपचार चालू ठेवले, काही ठिकाणी ८ आठवडे पायरीपायरीने वेदनेवर उपचार केले. उपचार झालेल्यांची अस्वस्थता लक्षणीय कमी झाली. त्यातल्या बहुतेकांना पहिल्याच पायरीवरची पॅरासिटामॉल पुरली. उपचार थांबवल्यावर अस्वस्थता पुन्हा वाढली. झोपेची गोळी लिहिण्यापूर्वी मी आता स्वतःला हे आठवून देतो.

एक कळकळीची विनंती. डायक्लोफिनॅक, अ‍ॅसिक्लोफिनॅक किंवा त्यांच्या पॅरासिटामॉलबरोबरच्या जोडगोळ्या औषधाच्या दुकानातून आणून आजी-आजोबांना रोज देऊ नका. त्या आराम देतात, म्हणूनच सुरू होतात आणि बंद होत नाहीत. मूत्रपिंडावर ताण, पोटातला रक्तस्राव, पायावर सूज, वाढलेला रक्तदाब, हे सगळं मी वृद्धाश्रमांत पाहिलंय. एखाद्या सांध्यापुरतं जेल लावणं त्यापेक्षा पुष्कळ सुरक्षित. पॅरासिटामॉललाही मर्यादा आहे. धडधाकट माणसाला दिवसाला ४ ग्रॅम ही कमाल, पण चाळीस किलोच्या, अर्धी पोळी खाणाऱ्या आजीला मी बहुधा २ ग्रॅमच्या वर जात नाही. सर्दीच्या गोळीतही पॅरासिटामॉल असते, तीही मोजा.

———

ओंकारेश्वराजवळ

म्हणजे रोज गोळी द्यायची? दुखलं की द्यावी ना. माझ्या सासूबाई म्हणतात सवय लागते.

———

दवाखान्यातून

पॅरासिटामॉलची सवय लागत नाही. आणि ज्याला ‘दुखतंय’ म्हणता येत नाही त्याला ‘दुखलं की द्या’ असं लिहिलं तर ती गोळी कधीच दिली जात नाही. मी फायली उघडून पाहिल्यात, ‘गरजेनुसार’ लिहिलेल्या गोळीचं पाकीट महिन्यानेही भरलेलंच. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्ये कॅन्सरच्या वेदनेसाठी तीन पायऱ्यांची शिडी सांगितली, तिच्याबरोबरचा एक नियम होता, औषध घड्याळाप्रमाणे द्या. सतत दुखणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला तो तितकाच लागू आहे.

———

धायरीफाटा

मी २२ खाटांचं केअर सेंटर चालवतो. स्पष्ट लिहितो, राग मानू नका. ही सगळी कळकळ मला पटते, पण माझ्याकडची परिस्थिती ऐका. मावशा ब्युरोकडून येतात. तीन-चार महिन्यांत निघून जातात, कोणाला घराजवळ काम मिळतं, कोणाच्या मुलीचं लग्न निघतं, कोणाला हजार रुपये जास्त मिळतात. शिकवायचं कोणाला? सिस्टर दिवसाला दोन, रात्री एक. डॉक्टर आठवड्यातून एकदा. त्यात तक्ते भरायला लावले तर पेशंटचे डायपर कोण बदलणार? नातेवाईक फी वाढवली की भांडतात. महिन्यातून दोन तास दोन माणसं तुमच्या बैठकीला पाठवायची म्हणजे मला त्या वेळी बदली माणसं लावावी लागतील.

———

सायंफेरी

राग कसला. तुम्ही लिहिलंय ते चारही ठिकाणचं आहे.

तक्त्यांचं आधी सांगते, कारण तिथे आम्ही सपशेल चुकलो. अमेरिकेत २००३ मध्ये बोलू न शकणाऱ्या स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी एक मोजपट्टी तयार झाली, पेनॅड नावाची. पाच गोष्टी बघायच्या. श्वास, तोंडातून निघणारे आवाज, चेहरा, अंगाची हालचाल आणि समजूत घातल्यावर माणूस शांत होतं का. प्रत्येकीला ० ते २ गुण, एकूण १०. आम्ही ती मराठीत करून छापली आणि दिवसातून तीनदा भरायला लावली. महिन्याने बघितलं तर पानंच्या पानं शून्य, एकाच पेनने, पाळी संपताना एकदम बसून भरलेली. एका ठिकाणी तर गावाला गेलेल्या आजोबांचेही शून्य भरले होते. मी चिडले होते, पण चूक माझी होती. आडवं पडलेलं माणूस बघून गुण दिले की ते शून्यच येतात. दुखणं कळतं ते उठवताना, कूस बदलताना, कपडे चढवताना. तेव्हा मावशीचे दोन्ही हात गुंतलेले असतात, ती तक्ता कुठून भरणार?

मग तक्ता नव्या माणसासाठी आणि शंका असेल तेव्हासाठी ठेवला. रोजचं म्हणून पाळी बदलताना तीन प्रश्न, तोंडी, मावशीला. आज कोणाचं काय दुखलं? काय केलं? तासाभराने काय झालं? सिस्टर एका ओळीत वहीत लिहिते. यातला तिसरा प्रश्न पूर्वी कोणीच विचारत नव्हतं. गोळी दिली की काम झालं. गोळीने बरं वाटलं का हे बघायला परत जाणं, ही सवय लागायला आम्हाला सगळ्यात जास्त दिवस लागले. अजून पूर्ण लागलेली नाही.

आता माणसं निघून जाण्याचं. तुम्ही एकटे शिकवाल तर शिकवलेलं माणसाबरोबर निघून जाईल, खरं आहे. पण मावशी जाते कुठे? धायरीतून निघते आणि कर्वेनगरला लागते. आमच्या चार जागांत गेल्या वर्षी पाच मावशा अशा इकडून तिकडे गेल्या आणि नव्या जागी पहिल्या दिवसापासून त्यांनी ते तीन प्रश्न स्वतःहून सांगितले. चार जागा मिळून शिकलो तर माणूस गेलं तरी शिकलेलं गटातच राहतं. आम्हाला हे आधी सुचलं नव्हतं, होताना दिसलं.

अशा तऱ्हेचं काम बाहेर झालेलं आहे. अमेरिकेच्या ऱ्होड आयलंड राज्यात २१ नर्सिंग होमनी वेदनेच्या प्रश्नावर एकत्र येऊन केलेलं काम २००४ मध्ये छापून आलं. पद्धत साधी. एक छोटा बदल करायचा, थोडे दिवस बघायचं, जमलं नाही तर का नाही ते इतरांपुढे सांगायचं, बदल दुरुस्त करून परत करायचा. आपल्याकडे ‘इतरांपुढे सांगायचं’ हे अवघड जातं. एक जागा आमच्यातून बाहेर पडली ती याच कारणाने. मालकांना वाटलं, आपल्याकडच्या चुका बाहेर गेल्या तर खाटा रिकाम्या राहतील. त्यांची भीती मी समजू शकते. त्यांच्या जागी तळेगावकडचे आले.

बदली माणसांचा खर्च आहे, तो मी नाकारत नाही. आम्ही बैठक पाळीपाळीने प्रत्येकाकडे घेतो, म्हणजे ज्यांच्याकडे बैठक त्यांची माणसं तिथेच असतात. बघा, एकदा नुसतं ऐकायला या.

———

सांधेदुखी

मी फिजिओथेरपिस्ट आहे, कोथरूडला. दोन गोष्टी लिहिते, कारण त्या रोज दिसतात.

उठवताना काखेत हात घालून ओढू नका. म्हाताऱ्या खांद्याचे स्नायू विरलेल्या कापडासारखे असतात, अशा ओढण्याने ते फाटतात. वर सरकवायचं असेल तर अंगाखाली अर्धी दुमडलेली चादर ठेवा आणि दोघांनी दोन्हीकडून चादर धरून सरकवा. माणूस धरायचं नाही, चादर धरायची. कुशीवर झोपवलं की दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी, पाठीमागे उशी, आणि वरचा हात छातीपुढच्या उशीवर. टाचा अधांतरी राहतील अशी घडी पोटरीखाली, टाचेखाली नको. बेडसोअरचं ड्रेसिंग करायचं असेल तर दुखण्याची गोळी डॉक्टरांना विचारून अर्धा-पाऊण तास आधी. ड्रेसिंग उरकून, माणूस कळवळून झाल्यावर गोळी देण्यात काय अर्थ आहे?

शेक. आपल्याकडे दुखलं की शेक. शेक चांगलाच, पण मधुमेही माणसाच्या पायाला संवेदना कमी असते, रबरी पिशवीने भाजलेले पाय मी पाहिलेत. पिशवी आधी स्वतःच्या कोपराच्या आतल्या बाजूला लावून बघा, टॉवेलमध्ये गुंडाळा, आणि ज्याला ‘चटका बसतोय’ सांगता येत नाही त्याला पिशवी लावून निघून जाऊ नका.

———

अबोली७

वर सवयीचा प्रश्न आला म्हणून लिहिते. माझ्या आईला मणक्यात पसरलेला कॅन्सर होता. शेवटचे चार महिने ती मॉर्फिनच्या गोळ्यांवर होती. डॉक्टरांनी नाव काढलं तेव्हा माझे मामा उठून उभे राहिले, म्हणाले, “म्हणजे आता आशा सोडली का?” आम्ही आठ दिवस घालवले नाही नाही म्हणण्यात. त्या आठ दिवसांत आई रात्री उशीचा कोपरा दातात धरायची, आम्हाला आवाज जाऊ नये म्हणून. सकाळी उशीच्या कोपऱ्यावर दातांचे ठसे असायचे. मी अभ्रे धुवायचे.

गोळी सुरू झाल्यावर तिसऱ्या दिवशी तिने मला विचारलं, साखरआंबा केलास का यंदा. मग तिने बसल्या बसल्या कैऱ्या किसून दिल्या. थोड्याच, पण दिल्या. ती गुंगीत नव्हती, ती आमच्यात परत आली होती.

बद्धकोष्ठ मात्र होतं. डॉक्टरांनी पहिल्याच दिवसापासून जुलाबाची गोळी दिली होती. इसबगोल देऊ नका असं बजावलं होतं, पाणी कमी पिणाऱ्या माणसाला मॉर्फिनबरोबर त्याने उलट आणखी अडकतं.

———

दवाखान्यातून

अबोली, लिहिल्याबद्दल आभार. योग्य वेदनेसाठी, योग्य मात्रेत, डॉक्टरच्या देखरेखीखाली दिलेल्या मॉर्फिनने अशा रुग्णांना व्यसन लागणं क्वचितच घडतं. पण ते मिळणं आपल्याकडे वर्षानुवर्षं अवघड होतं. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यात इतके परवाने होते की रुग्णालयं त्या वाटेलाच जात नसत. २०१४ मध्ये कायदा बदलला, मॉर्फिनसह काही औषधं अत्यावश्यक ठरली आणि मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना ती ठेवणं सोपं झालं. तरीही बहुतेक वृद्धाश्रमांना ते स्वतः ठेवता येत नाही, पॅलिएटिव्ह केअरचा, म्हणजे गंभीर आजारातली वेदना आणि त्रास कमी करणारा, डॉक्टर किंवा मान्यताप्राप्त संस्था गाठावी लागते. पुण्यात वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर सेंटर १९९७ पासून आहे, तिथे पैसे घेत नाहीत आणि प्रशिक्षणही देतात. कॅन्सरच्या रुग्णासाठी ‘शेवटी बघू’ म्हणून थांबू नका.

केरळात कोळिकोडला १९९३ मध्ये डॉ. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जी चळवळ सुरू केली, तिचा पाया पुढे शेजारपाजारचे स्वयंसेवक झाले. वेदना ओळखायला साधी माणसं शिकतात, फक्त त्यांना कोणीतरी सोबत घ्यावं लागतं.

———

दूरदेशी

आई कोथरूडच्या एका ठिकाणी आहे, मी तीन हजार मैलांवर. व्हिडिओ कॉलवर ती हसते, ‘मी मजेत’ म्हणते. मी कसं ओळखू?

———

सायंफेरी

दूरदेशी, बसलेल्या आईला बघून कळणार नाही. फोन ती खुर्चीतून उठतानाच्या वेळी लावा आणि मावशीला म्हणा, फोन तसाच धरा. उठताना ती कुठे थांबते, कोणता हात टेकते, श्वास धरते का, हे बघा. मग पाच मिनिटं मावशीशीच बोला. ‘आई कशी आहे’ विचारू नका, ‘छान आहेत’ असंच उत्तर येईल. ‘आईला कोणत्या कुशीवर झोपायला आवडतं?’ असं विचारा. जी कूस आवडत नाही तिथे काहीतरी असतं.

———

रात्रपाळी

मी एका वृद्धाश्रमात रात्रीचा मामा आहे. लिहायची सवय नाही, मुलाकडून टाइप करून घेतोय.

रात्री कोणी ओरडायला लागलं की मी आधी दिवा पूर्ण लावत नाही, घाबरतात. हात हातात घेतो. मग पांघरूण काढून बघतो. लघवीच्या नळीला पीळ पडलाय का, नळी मांडीखाली दबलीय का. पिशवी रिकामी आणि ओटीपोट टणक असलं तर लगेच सिस्टरला उठवतो. चार दिवस संडास झाली नसेल तरी ओरडतात. पाय गार पडलेले असतात. थंडीत डिसेंबर-जानेवारीत गुडघे जास्त धरतात, तेव्हा आधी लोकरीचे मोजे घालतो. कानटोपी पण. नव्वदीच्या एका आजोबांना फक्त पाठीखालची चुरगळलेली चादर बोचत होती. दोन रात्री सगळे म्हणत होते भ्रम झालाय.

सिस्टर, तुमच्या बैठकीची वेळ दुपारी अडीच आहे. रात्रपाळीवाले तेव्हा झोपलेले असतात. आमचं कोणी ऐकत नाही ते यामुळेच.

———

सायंफेरी

मामा, तुम्ही म्हणता ते बरोबर आहे आणि हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. पुढच्या महिन्यापासून एक आड एक बैठक सकाळी आठला घेऊ, रात्रपाळी सुटल्यावर, चहा-पोह्यांसकट, आणि तो तास पाळीतच धरायला मालकांना सांगेन. तुमचं हे लिहिलेलं मी छापून चारही ठिकाणी रात्रीच्या टेबलावर लावू का?

———

रात्रपाळी

लावा.

———

दवाखान्यातून

पावसाळ्यात तळेगावच्या मंडळींना येणं अवघड जातं, तर मोबाइलवर बैठक घेऊन बघा. न्यू मेक्सिकोत डॉ. संजीव अरोरांनी २००३ मध्ये ‘एको’ नावाने हेच केलं. मोठ्या रुग्णालयातले तज्ज्ञ आणि खेड्यातले डॉक्टर आठवड्याला पडद्यावर भेटायचे, आपापले रुग्ण मांडायचे. हिपॅटायटिस सीचे उपचार खेड्यातल्या डॉक्टरांनी विद्यापीठाच्या दवाखान्याइतकेच चांगले केले, हे २०११ मध्ये सिद्ध झालं. त्यांचं ब्रीद आहे, सगळे शिकवतात, सगळे शिकतात.

———

धायरीफाटा

सिस्टर, येत्या शनिवारी दोन माणसं पाठवतो. मीही येईन. काय आणायचं?

———

सायंफेरी

एक न सापडलेलं दुखणं घेऊन या.

आणि आमच्याकडचं एक आजच इथे मांडते, शनिवारपर्यंत थांबवत नाही. आजी, ७९, स्मृतिभ्रंश, तीन आठवड्यांपासून संध्याकाळी चमचा ढकलतात. सकाळी पेज घेतात, पोळी तोंडात धरून बसतात, गिळत नाहीत. उजव्या कुशीवर वळवलं की उशीवरून डोकं उचलतात. ताप नाही. पोट मऊ, संडास होते. कान डॉक्टरांनी बघितला, स्वच्छ आहे. घड्याळाप्रमाणे पॅरासिटामॉल चालू आहे, तासाभराने थोडं बरं वाटतं, मग परत तेच. पूर्वी त्यांना बघणारी मावशी महिन्यापूर्वी गावी गेली, नवी मुलगी चांगली आहे पण आजींना नवी आहे. कोणाला काही सुचतंय का?

———

सांधेदुखी

मान फिरवून बघितली का? एका बाजूला आखडली आहे का?

———

सायंफेरी

फिरवली. दोन्हीकडे सारखी फिरते.

———

रात्रपाळी

उजवा गाल उशीला लागला की डोकं उचलतात म्हणजे गालाच्या आत बघा. कवळी आहे का? रात्री काढून ठेवतात का? काही आजी काढू देत नाहीत, जुन्या मावशीलाच देतात.

———

सायंफेरी

मामा, आत्ता वृद्धाश्रमातूनच लिहितेय, तुमचं वाचून परत आले.

खालची कवळी आहे. नव्या मुलीला माहीतच नव्हतं, तिला ते आजींचे स्वतःचे दात वाटले. तीन आठवडे कवळी निघालेली नाही. आजी तोंड उघडेनात. मग जुन्या मावशीला गावी फोन लावला, स्पीकरवर तिने हाक मारली, “आज्जी, दात द्या बगू, धुऊन आणते.” आजींनी तोंड उघडलं. उजवीकडे हिरडीवर करंगळीच्या नखाएवढी जखम आहे, कडा पांढरी पडलेली.

कवळी वाटीत पाण्यात ठेवली आहे. कोमट मिठाच्या पाण्याने तोंड पुसून घेतलं, डॉक्टरांना फोन झाला, दातांचे डॉक्टर उद्या सकाळी येतील. तोवर पेज आणि ताकभात. नवी मुलगी शेजारी उभी राहून सगळं बघत होती. वाटीवर आजींच्या खाटेचा नंबर तिनेच लिहिला.